हॉपर वॅगनचं दार उघडतं कसं, आणि वाटेत मिटून राहतं कसं

अंबाजोगाईच्या एका मुलाचा प्रश्न आहे. मेकॅनिकल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, चौघांचा गट, आणि प्रोजेक्ट म्हणून खालून रिकाम्या होणाऱ्या मालगाडीच्या वॅगनचं मॉडेल करायचंय. परळीला मामाकडे जाता-येता त्याने कोळशाच्या गाड्या पाहिल्या, मग मोबाइलवर चालत्या गाडीची दारं आपोआप उघडून कोळसा खाली पडतानाचा व्हिडिओ पाहिला, तिथून हे डोक्यात शिरलं. गटातला एक म्हणतो मोटर आणि दातेरी पट्टी लावू. सर म्हणतात स्क्रू लावा. व्हिडिओत हवेचं सिलिंडर दिसतंय. "काका, यातलं सगळ्यात चांगलं कोणतं? आणि प्रत्येक वॅगनला एकेक मोटरच का बसवत नाहीत?"

मोटरचं आधी उरकून टाकतो. मालगाडीच्या वॅगनमध्ये वीज नसते. दिवा नाही, पंखा नाही, बॅटरी नाही. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत जर कोणती ताकद जात असेल तर ती हवा. ब्रेकसाठी ती न्यावीच लागते, मग तीच दारासाठी वापरायची. उलट प्रत्येक वॅगनला मोटर लावली तर केबल, कनेक्टर, पावसाचं पाणी, कोळशाची भुकटी आणि यार्डात तांब्याच्या तारेवर टपलेले लोक, एवढ्या सगळ्यांशी भांडायचं. नको ते.

आता मुख्य प्रश्न. "चांगलं कोणतं" असं विचारलंस की मी उलट विचारणार: दार अर्धं उघडायचंय की एकदाच सगळं?

तुझ्या आजोबांना विचार, तिफणीचं चाडं कसं चालतं. चाड्यात बी असतं, खाली नळे असतात, आणि मधे दार म्हणजे पेरणाऱ्याची मूठ. जाड पेरायचं की पातळ हे बोटं ठरवतात, आणि तास संपला की मूठ मिटते. हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार म्हणजे शिवलेल्या पोत्याचं तोंड. सुतळीचं बरोबर टोक सापडलं की एका ओढीत सरसर उसवतं, आणि एकदा उसवलं की अर्धं पोतं ठेवतो म्हणायची सोय नाही. रेल्वेत हे दोन्ही प्रकार आहेत. रुळाखाली खडी टाकणारी वॅगन चाड्यासारखी, वीज केंद्राला कोळसा देणारी पोत्यासारखी. दोघींची दारं वेगळी आहेत ती डिझाइन करणाऱ्याच्या हौसेने नाही, कामाने.

खडीची गाडी आधी घे. तिला आपल्याकडे बीओबीवायएन म्हणतात. माणसाच्या चालीने गाडी पुढे सरकते, आणि खडी कुठे किती पडायची हे बरोबर चालणारी माणसं ठरवतात. एका जागी ढीग झाला तर रूळच गाडला जातो, मग फावड्याने उपसत बसा. म्हणून तिथे दार हाताने चालवतात, हळूहळू उघडतं, पाहिजे तिथे थांबतं. हवेचं सिलिंडर अशा कामाला बिनकामाचं, कारण हवा दबते. सिलिंडरला "अर्ध्यावर थांब" म्हटलं तर ते स्प्रिंगसारखं हलत राहतं. इथे सरांचा स्क्रू शोभतो. स्क्रूच्या आट्यांचा चढ घर्षणाच्या मानाने कमी ठेवला की तो उलटा फिरत नाही. तू फिरवलास तरच फिरतो, माल कितीही दाबो. पण खडीचं दार मिटणं हा वेगळा वैताग आहे. आपला काळा बेसाल्ट म्हणजे कडक धार असलेला दगड. दाराच्या फटीत एक दगड अडकला की दार मिटत नाही, आणि जोर केला तर पत्रा वाकतो, दगड फुटत नाही. अनुभवी माणूस अशा वेळी दार थोडं परत उघडतो, दगड सुटू देतो आणि मग मिटतो. नवा माणूस दार फिरवायच्या हातचाकाला पाइप लावून लटकतो. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग आपल्या डोळ्यांसमोर होतोय, 17 सप्टेंबर 2025ला बीडपर्यंत गाडी आली. त्या नव्या रुळाखालची खडी कधी जवळून बघ, म्हणजे मी कसल्या धारेबद्दल बोलतोय ते कळेल.

मोटर आणि दातेरी पट्टी हे सरकत्या दाराचं तंत्र आहे. अमेरिकेत धान्याच्या बंद हॉपर वॅगनला असंच असतं: खाली आडवा सरकणारा पत्रा, त्याला दातेरी पट्टी, दात्यांत बसणारं पिनियन म्हणजे छोटं दातेरी चाक, आणि शाफ्टच्या टोकाला चौकोनी खोबण. त्यात पहार घालून माणूस फिरवतो, किंवा चाकावरचं मशिन आणून लावतात. आपल्या घरातल्या पत्र्याच्या कोठीचं खालचं झाकण आठव, तेच मोठं करून. ह्या दाराचा गुण असा की मालाचं वजन त्याला उघडत नाही. वजन खाली, सरकणं आडवं. दोषही तोच. वजन खाली दाबतं म्हणून घर्षण वाढतं. हिशेब करून बघ: कोळशाची ढोबळ घनता घनमीटरला 0.8 टन, वर 2 मीटर थर, म्हणजे चौरस मीटरला साधारण 1.6 टन दाब. दार 0.6 चौरस मीटरचं धरलं तर जवळपास एक टन. घर्षण गुणांक 0.4 घेतला तर नुसतं सरकवायला 400 किलोची ओढ लागेल, गंज आणि अडकलेले खडे वेगळे.

इथे एखादा हुशार मुलगा हात वर करेल की खोल भांड्यात सगळं वजन तळावर येत नाही, भिंती घर्षणाने बरंच उचलून धरतात. बरोबर आहे. यान्सेन नावाच्या जर्मन अभियंत्याने 1895मध्ये धान्याच्या सायलोसाठी तो हिशेब मांडला. पण वॅगन म्हणजे सायलो नाही. ती रुंद आणि उथळ, आणि शेकडो किलोमीटर हादरे खात आलेली. भिंतीचा आधार धरून बसलेला माल वाटेत खाली बसतो. तू सवलत धरू नकोस, पूर्ण वजन दारावर आहे असंच मान.

आता कोळशाची वॅगन, बीओबीआरएन. आम्ही बोलताना "बॉबर" म्हणायचो. हिच्यात मला जास्त रस आहे, कारण माझी निम्मी नोकरी तिच्या खाली वाकून गेली, आधी रेल्वेच्या कॅरेज-वॅगन विभागात आणि नंतर एका वीज केंद्राच्या कोल हँडलिंगमध्ये. गरज समजून घे. 250 मेगावॉटचा वीज बनवणारा एक संच दिवसभर पूर्ण भाराने चालला तर 60 लाख युनिट होतात. युनिटला 700 ग्रॅम कोळसा धर, दिवसाला 4,200 टन झाले. म्हणजे एका संचाला रोज एक आख्खी रेक, म्हणजे वॅगनांची पूर्ण गाडी, किंवा थोडं जास्तच. परळीला असे तीन संच आहेत. गाडी उभी ठेवून एकेक दार पहारीने उघडत बसलास तर मागची गाडी सिग्नलला उभी राहील, आणि डेमरेजचं, म्हणजे गाडी अडवून ठेवल्याच्या दंडाचं, बिल साहेबांच्या टेबलावर. इथे दार क्षणात उघडायला पाहिजे, पूर्ण उघडायला पाहिजे, आणि रिकामं झाल्यावर आपणहून मिटायला पाहिजे.

म्हणून बिजागरीवर खाली झुलणारं दार. ह्याला उघडायला ताकद लागत नाही, माल स्वतःच ते ढकलतो. पण विचार कर, हेच दार खाणीपासून तुझ्या ट्रॅक हॉपरपर्यंत, म्हणजे रुळाखालच्या कोळसा पडायच्या खड्ड्यापर्यंत, उघडायला टपलेलं आहे. दोन-तीन टन वजन त्याच्यावर बसलंय, प्रत्येक सांध्याला, प्रत्येक क्रॉसिंगला, शंटिंगच्या प्रत्येक धक्क्याला ते विचारतंय, उघडू का? रुळांवर कोळसा सांडणं सोडच, लोंबणारं दार रूळ बदलायच्या पॉइंटमध्ये अडकलं तर गाडी रुळावरून उतरेल. हे दार उघडायचं तंत्र म्हणून जे मिरवतात, ते खरं तर मिटवून ठेवायचं तंत्र आहे.

ते कसं मिटून राहतं? स्टीलच्या टिफिनची बाजूची कडी बघ. दाबताना आधी जड जाते, सगळ्यात जड जाते, आणि मग टक् करून पलीकडे बसते. बसल्यावर आतून झाकण कितीही वर ढकललं तरी ती सुटत नाही, उलट घट्ट होते. कारण कडीचा सांधा मध्यरेषा ओलांडून गेलेला असतो. वॅगनमध्ये हेच आहे, फक्त कडी मनगटाएवढी जाड. सिलिंडरचा दांडा एक लिव्हर फिरवतो, लिव्हर शाफ्ट फिरवतो, शाफ्टच्या क्रँकपासून, म्हणजे शाफ्टवर आडव्या बसवलेल्या आखूड दांड्यापासून, दारापर्यंत एक कडी जाते. दार मिटत येतं तसे क्रँक आणि कडी एका रेषेत येऊ लागतात. सरळ रेषेच्या जवळ गेल्यावर थोड्याशा जोराचा प्रचंड दाब होतो, त्यामुळे दार चौकटीवर आवळून बसतं. मग सांधा रेषा ओलांडून काही मिलिमीटर पुढे जातो आणि ठोकळ्यावर टेकतो. आता कोळसा दाराला खाली दाबतो, दार कडीला ओढतं, कडी क्रँकला ठोकळ्यावरच अजून दाबते. ह्यानंतर सिलिंडरमधली सगळी हवा गेली तरी फरक पडत नाही, पडूच नये.

हे "पडूच नये" माझ्या डोक्यात कसं बसलं ते सांगतो. एका रेकमधली एक वॅगन चार बोटं कमी भरलेली आली. मागे बघितलं तर दोन रुळांच्या मधोमध कोळशाची रांगोळी, किती तरी लांबवर. दार बोटभर उघडं होतं. सगळ्यांनी सिलिंडरवर बोट ठेवलं: सील गेलंय, हवा गळतेय. सील बदललं. ते खरंच गळत होतं. पुढच्या फेरीला तीच वॅगन, तीच रांगोळी. तेव्हा मी खडू घेऊन खाली गेलो, दार मिटवायला लावलं, क्रँकच्या दोन पिनांतून कडीच्या पिनेपर्यंत दोरी ताणली. सांधा रेषेच्या पलीकडे नव्हताच. अलीकडे, केसभर. चार पिनांची भोकं थोडी थोडी झिजली होती, एकेकटी बघितली तर कोणीही "चालतंय" म्हणेल, पण चौघींचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, एकत्र आला की पलीकडचं सगळं अंतर खाऊन टाकत होता. त्यात कोणीतरी दार नीट बसत नाही म्हणून कडीचा नट चार आटे ढिला केलेला. म्हणजे दार कडीने नाही, नुसत्या हवेने धरलं होतं. इंजिन जोडलेलं आणि हवा भरलेली असली की सगळं झकास. रात्री गाडी इंजिनाशिवाय साइडिंगला उभी राहिली, हवा उतरली, दार सैल. सील बदलणाऱ्यांची चूक नव्हती. ते रोगाच्या साथीदाराला पकडत होते. पिना आणि बुश बदलले, नट परत आवळून लॉक केला, आणि तेव्हापासून माझ्याकडे सिलिंडरची तक्रार आली की मी आधी दोरी लावायचो.

हवा कुठून येते तेही बघ. ह्या गाडीला दोन पाइप असतात. ब्रेक पाइप 5 किलोचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला 5 किलो दाब, तो ब्रेकचा. दुसरा फीड पाइप 6 किलोचा. दाराची हवा फीड पाइपातून घेतात, एकदिशा व्हॉल्व्हमधून वॅगनच्या स्वतःच्या टाकीत साठवतात. ब्रेक पाइपाला हात लावायचा नाही, कारण त्यातला दाब उतरला की ब्रेक लागतात. दारासाठी तिथून हवा चोरलीस तर दार उघडताना गाडी जागेवर थांबेल. टाकी कशाला, तर पन्नास-साठ वॅगनची दारं एकामागून एक चालताना सगळ्यांनी एकाच नळीतून हवा ओढली तर शेवटच्या वॅगनला काही उरणार नाही. आपल्याकडे नळाला पाणी येतं तेव्हा भरून ठेवतोच ना, तसं.

सिलिंडरची ताकद काढायची सवय लाव. समज 25 सेंटिमीटर व्यास, म्हणजे साधारण 490 चौरस सेंटिमीटर. 5 किलो दाबाला अडीच टनांच्या घरात जोर. दार तर आपोआप उघडतं, मग एवढा कशाला? कारण उघडताना आधी सांध्याला ठोकळ्यावरून मागे, मध्यरेषेकडे आणायचंय, म्हणजे क्षणभर दार कोळशासकट किंचित वर उचलावं लागतं. एकदा रेषा ओलांडली की पुढचं काम माल करतो. आणि मिटताना रिकामं दार उचलायचंय, त्याच्या ओठावर चिकटलेला चिखल-कोळसा दाबून.

आता "आपोआप" म्हणजे काय. वॅगनच्या बाजूला एक शू असतो, म्हणजे वीज घेणारा धातूचा तुकडा. ट्रॅक हॉपरवर रुळालगत विजेची पट्टी बसवलेली असते. गाडी अगदी संथ जाते, शू पट्टीला लागला की कमी दाबाची डीसी वीज सोलेनॉइड व्हॉल्व्हला, म्हणजे विजेने चालणाऱ्या व्हॉल्व्हला, मिळते, व्हॉल्व्ह हवा फिरवतो, दार उघडतं. पुढच्या पट्टीला लागला की मिटतं. ब्रिटनमध्ये 1960च्या दशकात वीज केंद्रांसाठी खाणीपासून केंद्रापर्यंत गोल फिरणाऱ्या गाड्या सुरू झाल्या, त्यांच्या एचएए वॅगनमध्ये दारासाठी वीजही नव्हती, हवाही नव्हती. रुळाकडेच्या यंत्रणेने दाराचा लिव्हरच ढकलायचा, आणि गाडी तासाला अर्धा मैल वेगाने न थांबता पुढे. मला ते तंत्र मनापासून आवडतं. बिघडायची बहुतेक वस्तू जमिनीवर, जिथे फिटर आहे, जेवणाचा डबा आहे आणि सावली आहे.

आणि पावसाळा. कागदावर सगळं बरोबर असून जुलैमध्ये दार उघडतं आणि कोळसा येतच नाही. बारीक, मातकट, भिजलेला कोळसा दारावर कमान करून बसतो. मोठी ढेकळं असतील तर तीन-चार ढेकळं एकमेकांना अडवून तीच कमान करतात, म्हणून दाराचं तोंड सगळ्यात मोठ्या ढेकळाच्या निदान चार-पाच पट हवं. भिंतींचा उतार कमी असला तर कोपऱ्यात चिकटलेला कोळसा रिकामा होतच नाही, आणि "रिकामी" वॅगन दोन टन परत खाणीला घेऊन जाते. घण मारून वॅगनच्या पोटाला पोचे पाडणारे लोक तू पाहिले असशील. दोष त्यांचा नाही. पण लक्षात ठेव: कमान अडकलेली असताना कोणी वरून आत उतरून पहारीने टोचत असेल, तर त्याला हाताला धरून बाहेर काढायचं. कमान मोडली की तो मालाबरोबर खाली जातो, हाक मारायला वेळ मिळत नाही. आणि दाराखाली काम करायचं तर आधी हवेचा कॉक बंद, टाकीतली हवा सोडलेली, आणि दार लाकडी ठोकळ्याने अडवलेलं. माझ्या एका सोबत्याने कॉक बंद केला, पण टाकी रिकामी केली नव्हती. त्याची दोन बोटं गेली.

मग सगळ्याच वॅगनना खालून दार का नाही, हाही प्रश्न येईल. दाराला वजन आहे बाबा. बॉक्सएन ही वरून उघडी साधी वॅगन रिकामी साडेबावीस टनांच्या आसपास, बीओबीआरएन साडेपंचवीसच्या. फरक 3 टन, गुणिले 58 वॅगन, जवळपास पावणेदोनशे टन लोखंड दर फेरीला उगाच हिंडतं. बॉक्सएनला खाली काही नाही, तिला टिपलरमध्ये धरून उलटी करतात. वेळ जास्त, पण वॅगन साधी आणि तऱ्हेतऱ्हेचा माल चालतो. 2022च्या ऑक्टोबरात भुवनेश्वरला ॲल्युमिनियमच्या, खालून उघडणाऱ्या 61 वॅगनची पहिली देशी रेक निघाली, ती ह्याच वजनावरचा उतारा.

पातळ मालाचंही एक सांगतो, कारण ते आपल्या घरचं आहे. एप्रिल 2016ला मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली, पहिल्या फेरीला 10 वॅगनमध्ये 5 लाख लिटर. त्या टाकी वॅगनला खाली व्हॉल्व्ह असतो, पण त्याच्या आधी टाकीच्या आत अजून एक असतो, तो वरून चालवतात. एक फसला तर दुसरा. हॉपरच्या दारालाही मी कडीखेरीज वेगळा खटका मागतो, तो ह्याच हिशेबाने.

तर तुझं मॉडेल. कोळशाची वॅगन दाखवायची असेल तर झुलतं दार, क्रँक-कडी आणि दोन्ही बाजूंनी हवा घेणारं छोटं सिलिंडर घ्या. हवा सायकलच्या पंपाने कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरली तरी परीक्षकाला टाकी दाखवता येईल. सर स्क्रूवरच अडले तर खडीची वॅगन करा, भांडू नका. तेही तितकंच खरं मॉडेल आहे. कडीच्या एका टोकाला दोन्हीकडून नट ठेव म्हणजे लांबी जुळवता येईल, आणि ठोकळा वेल्ड करू नकोस, पातळ पट्ट्या घालून पुढे-मागे करता येईल असा बसव.

आत कोळसा भरू नका, परीक्षेच्या हॉलमध्ये शिव्या खाल. ओली वाळू भरा. दार मिटवून सिलिंडरची नळी काढून टाका, मॉडेल मोटारसायकलच्या कॅरिअरला बांधा आणि अंबाजोगाई ते परळी घाटातून जाऊन या. परत आल्यावर दाराखाली कागद धरा. वाळूचा कण जरी सांडला असेल तर सील शोधू नकोस, दोरी लावून मध्यरेषा बघ.